हिवाळ्यातलं रान सेपियात: हिरवी शाळू दुष्काळासारखी का दिसते?

मांजराकाठ, लातूर

मंडळी, हिवाळ्यातल्या शिवाराचे फोटो सेपियात, म्हणजे एकरंगी तपकिरी छटेत, करावेत का, आणि करायचे तर कसे, यावर जरा सविस्तर बोलू या.

आपला हिवाळा एकरंगी फोटोंसाठी फार मोलाचा आहे. डिसेंबरअखेर लातुरात भर दुपारीही सूर्य साधारण ४८ अंशांपर्यंतच चढतो. मे महिन्याच्या मध्यात हाच सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि रान सपाट दिसतं. मार्गशीर्ष-पौषात ऊन दिवसभर तिरपं असतं. तास, सरी, ढेकळं, बांध, सगळ्यांना आपापली सावली असते. पहाटे धुई (धुकं) पडली असेल तर मागच्या बाभळी आणि लिंबाची झाडं एकामागे एक फिकट होत जातात. रंग काढून टाकले तरी फोटो उभा राहतो, इतका आकार त्या उजेडातच असतो. आणि ते ऊन मुळातच सोनेरीकडे झुकलेलं असल्यामुळे निव्वळ काळ्या-पांढऱ्यापेक्षा मला सेपिया जास्त जवळचा वाटतो.

गाडं अडतं ते हिरव्यापाशी. येळवशीच्या (मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या) सुमाराला औसा-निलंग्याकडचं रान आठवा. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निसवलेली (कणसं बाहेर आलेली), हरभरा फुलाघाट्यात, कडब्याची कोप, घरची सगळी माणसं रानात. त्याच फोटोवर सेपिया चढवला की पीक आणि माती एका रंगाची होते आणि बाहेरगावचा माणूस पहिलं वाक्य बोलतो, "यंदा पण दुष्काळ का?" त्याला तरी काय म्हणावं? त्याने मराठवाडा पाहिला तो भेगाळलेल्या तळ्यांच्या आणि टँकरभोवतीच्या घागरींच्या फोटोंत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते फोटो तर देशभर गेले. तपकिरी मराठवाडा दिसला की डोळा आपोआप तिकडेच वळतो.

भरल्या रानाला वाळलेलं दाखवणारा फोटो कितीही देखणा असला तरी खोटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही सेपिया सोडवत नाही. ऊन तपकिरी राहावं आणि पीक जिवंत दिसावं, असं कुणी करतं का? कसं?

गोदाकाठ, नांदेड

दादा, मग रंगीतच ठेवा ना. वर्षातून हेच दोन-अडीच महिने आपलं रान असं नटतं. करडईचं केशरी-पिवळं फूल, हरभऱ्याचं जांभळट फूल, मधूनच जवसाचा निळा पट्टा. हे सगळं पुसून एकच रंग लावायचा आणि मग हिरवं कुठं गेलं म्हणून शोधत बसायचं, हे मला पटत नाही. सेपिया लावला की फोटो जुना वाटतो. आपलं रान जुनं नाही, ते आत्ता उभं आहे.

जुना_एन्लार्जर, परभणी

गोदाकाठ, तुमचा मुद्दा मानतो. पण सेपिया म्हणजे फोटो जुना करणं, ही समजूत बाजूला ठेवून बघा. मी अजून प्रिंट हातानेच काढतो, म्हणून मुळापासून सांगतो.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटमधला काळा म्हणजे चांदीचे बारीक कण. सेपियासाठी प्रिंट आधी ब्लीचमध्ये घालायची. त्यात पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड असतं. चांदीचं सिल्व्हर ब्रोमाइड होतं आणि चित्र फिकट पिवळट होऊन जवळजवळ नाहीसं होतं. पाण्यात नीट धुऊन मग टोनर. तो सोडियम सल्फाइडचा, नाहीतर थायोयुरिया आणि कॉस्टिक सोड्याचा. तिथे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं आणि चित्र तपकिरी होऊन परत येतं. सल्फाइड हवेला आणि वायूंना साध्या चांदीइतकी दाद देत नाही, म्हणून अशी प्रिंट दीर्घकाळ टिकते. थोडक्यात, सेपिया ही टिकवण्याची प्रक्रिया आहे.

आता मांजराकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर याच रसायनात आहे. ब्लीच सगळीकडे सारखं चढत नाही. फिके भाग आधी जातात, गडद भाग सगळ्यात शेवटी. प्रिंट अर्ध्यावर बाहेर काढून धुतली तर ऊन, धुई, आभाळ तपकिरी होतं आणि नांगरट, बुंध्याची सावली, विहिरीचं तोंड काळंच राहतं. मी रानाच्या फोटोंना पूर्ण ब्लीच कधीच करत नाही. आपली जमीन काळी आहे. ती तपकिरी केली की कसदार रान मुरमाड माळ वाटायला लागतं, आणि त्यावर उभं पीकही मग वाळलेलंच दिसणार. दुष्काळ पिकापेक्षा आधी मातीच्या रंगातून शिरतो, असं माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे.

कुणी करून बघणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. सेपिया करताना प्रिंट थोडी उजळते, म्हणून मूळ प्रिंट जरा गडद काढावी. आणि सल्फाइडचा टोनर किंवा फेरीसायनाइड ॲसिडजवळ अजिबात नेऊ नये, विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. घरच्यांना तो चालणार नसेल तर थायोयुरिया घ्या. त्याला वास नसतो, पण मोजे त्यालाही लागतातच.

डार्करूमचं काम आपल्याकडे हिवाळ्यातच सुखाचं. डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. परभणीत ते याच दिवसांत नळाला मिळतं, उन्हाळ्यात बर्फ घालत बसावं लागतं.

पिक्सेलवाला, छत्रपती संभाजीनगर

काका, हेच मी संगणकाच्या बाजूने सांगतो, म्हणजे ॲपमधला एका बोटाचा सेपिया नेमका काय बिघडवतो ते कळेल.

डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे (चॅनल) असतात, ० ते २५५. अनेक ठिकाणी ॲपचा सेपिया त्यांवरच्या एका ठरावीक गणितावर चालतो. नवा लाल = ०.३९३ लाल + ०.७६९ हिरवा + ०.१८९ निळा. नव्या हिरव्यासाठी ०.३४९, ०.६८६, ०.१६८. नव्या निळ्यासाठी ०.२७२, ०.५३४, ०.१३१. पहिल्या ओळीची बेरीज १.३५१ भरते. म्हणजे करड्याची किंमत १८९ च्या जवळ आली की लाल २५५ वर जाऊन अडतो. दुसऱ्या ओळीची बेरीज १.२०३, तिथे हिरवा २१२ च्या आसपास अडतो. त्याच्या वर फक्त निळा हलत राहतो आणि उजेडातला फरक निळ्यावरून डोळ्याला फारसा कळत नाही. धुईचा फोटो तर जवळजवळ सगळाच या वरच्या पट्ट्यात असतो. मागची झाडं एकामागे एक फिकट होत जातात म्हणून मांजराकाठ यांनी जे लिहिलं, ते सगळं तिथे एका मलईच्या डागात विरघळतं.

दुसरी गोष्ट पिकाची. या गणितात निम्म्याहून जास्त वजन हिरव्या चॅनलचं आहे. उन्हातलं शाळूचं पान आणि बांधावरचं वाळलेलं गवत हिरव्या चॅनलमध्ये जवळजवळ सारखंच उजळ दिसतं. दोघांतला खरा फरक लाल चॅनलमध्ये असतो, कारण हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि वाळलेलं गवत परत फेकतं. म्हणजे ज्या चॅनलमध्ये हिरवं आणि वाळलेलं वेगळं ओळखू येतं, त्यालाच हा फिल्टर कमी विचारतो. वर सगळ्याला एक तपकिरी रंग. दुष्काळ तयार.

मांजराकाठ, लातूर

ही माहिती मला हवीच होती. मग आधी काळा-पांढरा स्वतःच्या हाताने करायचा आणि सेपिया अगदी शेवटी, असंच ना? पण लाल चॅनलवर गेलो की पीक गडद होतं आणि खालच्या काळ्या मातीत मिसळून जातं. तेही नको वाटतं.

पिक्सेलवाला, छत्रपती संभाजीनगर

बरोबर, आणि म्हणूनच याला एक ठरलेलं माप नाही. बांधावर वाळलेलं गवत जास्त असेल तर लालकडे जा, पीक गडद आणि भरदार दिसेल. खाली उघडी माती जास्त असेल तर उलट करा. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरच्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये हिरवा वर घ्या, नारिंगी खाली आणा, पिवळ्याला जपून हात लावा. शाळूचं पान कॅमेऱ्याला बरंचसं पिवळंच दिसतं, त्यामुळे पिवळा हलवला की पीक आणि कडबा दोन्ही एकत्र हलतात.

तपकिरी रंग त्यानंतर. ऑक्टोबर २०२० पासून लाइटरूममध्ये कलर ग्रेडिंग आहे, त्याआधी तेच काम स्प्लिट टोनिंगमध्ये व्हायचं. हायलाइट्सला (उजळ भागांना) ह्यू, म्हणजे रंग, ४० च्या आसपास आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, १२ ते १८. शॅडोजला (गडद भागांना) शून्य. काका जे अर्ध्या ब्लीचने करतात ते हेच. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातही स्प्लिट टोनिंग मिळतं.

आणि धुईत फोटो काढतानाच एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. कॅमेऱ्याचं मीटर धुईला करडी समजतं आणि फोटो काळवंडतो.

शिवारफेरी, अंबाजोगाई

मी फोटोग्राफर नाही, शेती करते. पण हा धागा वाचून राहवलं नाही, कारण फोटोत पीक कसं दिसावं हे पीक माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही.

हिवाळ्यात सगळं रान हिरवं असतं हेही खरं नाही हो. पौषात तूर काढणीला आलेली असते, वाळून तपकिरी झालेली. कापसाच्या पऱ्हाट्यांवर बोंडं फुटलेली असतात, खाली पानगळ. ही रानं त्या दिवसांत मुळातच त्या रंगाची असतात, तिथे तुमचा सेपिया काहीच खोटं बोलत नाही. शाळूचं तसं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली, डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला येते, काढणी फेब्रुवारी-मार्चात. माघ सरता सरता तीही पांढरट पिवळी होते, पेंढ्या पडतात, कडब्याच्या गंजी लागतात. तेव्हा काढा की सेपियात हवे तेवढे. मार्गशीर्षातल्या शाळूला मात्र सांभाळून.

दुसरं, भेगा. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. वरची माती सुकत जाते आणि काळ्या रानाला जानेवारीत भेगा पडतातच, पीक उत्तम असलं तरी. आमच्याकडे त्या बघून कुणी घाबरत नाही, कोळपणी करून बुजवतात. पण फोटोत खाली भेग, वर तपकिरी रंग, झालं. बघणारा घागर शोधायला लागतो. म्हणून पुढच्या कडेला भेगा घेऊ नका, घेतल्या तर वर कणसं भरलेली दिसू द्या.

तिसरं पानांचं. दुपारी ताण बसला की ज्वारीचं पान गुंडाळतं, सुरळी होते. सकाळी तेच पान रुंद पसरलेलं असतं, दहिवराने ओलं. पीक ताजं आहे हे आम्हाला लांबून पानाच्या ठेवणीवरून कळतं, रंग तर नंतर बघतो. तुमच्या एकरंगी फोटोतही ती ठेवण दिसतेच की. आणि सकाळी हरभऱ्याच्या रानात उन्हाकडे तोंड करून बघा. पानांवर आंब असते, आंबट खारट दव, पूर्वी बायका रात्री कापड पसरून ती गोळा करायच्या. त्या थेंबांनी सगळा वाफा चमकतो. वाळलेल्या रानाला अशी चमक येत नाही.

गोदाकाठ, नांदेड

ताई, हे लई कामाचं सांगितलंत. पानाच्या ठेवणीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे उन्हाकडे तोंड करून काढायचं, पान पारदर्शक होऊन उजळतं आणि थेंब चमकतात. पोलरायझर असेल तर काढून ठेवायचा, नाहीतर तो नेमकी ती चमक खातो.

तरी माझी एक हरकत उरतेच. माणसं असली की सेपिया नको. येळवशीच्या कोपीपुढं बसलेल्या आजीला तपकिरी केलं की ती गेलेल्या माणसासारखी दिसते. ती समोर बसून भज्जी वाढायलीय, तिला आठवण कशाला करायचं?

खाम_काठ, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ, तपकिरी म्हणजे गेलेला काळ हे नातं कुठून आलं ते सांगतो, कारण त्याचा बराच धागा आपल्याच भागातून जातो.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमले गेले. पुढे १८६० च्या दशकात त्यांनी अजिंठा-वेरूळचे फोटोही काढले. नंतर लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५) निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, त्यांनी वेरूळ टिपलं. त्या काळातल्या प्रिंट आज तपकिरी दिसतात म्हणून आपण त्यांना सेपिया म्हणतो. पण त्या प्रामुख्याने अल्ब्युमेन प्रिंट. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद, त्यावर बहुधा सोन्याचं टोनिंग. नव्या असताना त्यांचा रंग जांभळट तपकिरी असायचा, फिक्या भागातला पिवळेपणा वयाने आला. त्यात काकांनी सांगितलेलं सल्फाइड नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच जागत. म्हणून त्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं, झाडोरा गडद आणि दूरचे डोंगर विरळ. जुन्या फोटोचा जुनेपणा रंगाहून जास्त या उजेडाच्या मांडणीत आहे. कुणाला देवगिरीचा तसा फोटो करायचा असेल तर निळ्या चॅनलवरून काळा-पांढरा करा, हवेतला विरळ निळसर धूसरपणा त्यात वाढतो. आणि तुम्हाला जुनेपणा नकोच असेल तर लाल किंवा हिरव्यावरून करा, आभाळाला ढगांची घडी असू द्या, सावल्या काळ्या ठेवा. मग वरून हलका तपकिरी दिला तरी आजी गेलेली वाटणार नाही, उन्हात बसलेली वाटेल. लाल फिल्टर धूसरपणा कापतो हे खरं, पण दाट धुईवर त्याचा उपयोग नाही. तिथे पाण्याचे थेंब सगळ्या रंगांना सारखेच विखुरतात.

नवीन सदस्य: कडब्याची_गंजी, जालना

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. स्नॅपसीड ॲपमध्ये हे जमेल का? आमच्या भागात ऊस तुटला की पाचट पेटवतात, संध्याकाळी धुराचा पट्टा रानावर आडवा थांबतो, तो मला सेपियात फार आवडतो.

पिक्सेलवाला, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार भाऊ, जमेल. व्हिंटेज फिल्टरच्या वाटेला जाऊ नका. आधी ब्लॅक अँड व्हाइट घ्या, त्यात वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर आहेत, लाल आणि हिरवा दोन्ही लावून बघा आणि पिकाला कोणता मानवतो ते ठरवा. मग कर्व्ह्जमध्ये निळ्या चॅनलची वरची बाजू थोडी खाली ओढा, लालची अगदी किंचित वर. खालचं टोक जागेवर ठेवा. माती काळी राहील, उजेड तपकिरी होईल.

धूर आडवा थांबतो कारण हिवाळ्याच्या संध्याकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा आधी गार होते आणि धूर त्या गार थरातच अडकतो. सूर्य मावळायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं तयार राहा, नंतर त्या पट्ट्याला कडा राहत नाही.

शिवारफेरी, अंबाजोगाई

धुराचा फोटो चांगला येतो हे मान्य, पण पाचट जाळू नका असंच मी सांगेन. कुजवलं तर तेच रानाला खत होतं. धूर हवा असेल तर गुऱ्हाळावर जा. चुलवाणाचा धूर, काहिलीची वाफ, सगळं मिळेल, गरम गूळही.

जुना_एन्लार्जर, परभणी

गुऱ्हाळ सेपियासाठी फार उत्तम. आत काळोख, वरून उन्हाची तिरीप, मध्ये वाफ. अर्धा ब्लीच तिथे जसा बोलतो तसा कुठेच नाही.

मांजराकाठ, प्रिंट लॅबमधून काढणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. यंत्राला तपकिरी छटा म्हणजे रंगाची चूक वाटते आणि ते ती काढून टाकतं, किंवा निम्मी काढून हिरवट करून ठेवतं. आधी लहान तुकडा काढून दिवसा, खिडकीच्या उजेडात बघा. लॅबच्या ट्यूबलाइटखाली सेपियाचा अंदाज लागत नाही.

मांजराकाठ, लातूर

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री येळवशीचा एक फोटो नव्याने केला. पुढच्या भेगा फ्रेमबाहेर ठेवल्या, हिरवा वर घेतला, नारिंगी खाली, हायलाइट्सला ह्यू ४२, सॅच्युरेशन १४, शॅडोज तसेच. शाळूची पानं मातीपासून सुटी झाली आणि माती काळी राहिली. घरी काही न सांगता दाखवला. आईने विचारलं, "कुणाचं रान आहे? चांगली आलीय शाळू." मला हाच प्रश्न हवा होता.

आता एकच विचारायचं आहे. जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनाला द्यायचा आहे. खाली नाव काय लिहू? नुसतं 'हिवाळी सकाळ' लिहायला मन घेत नाही.

गोदाकाठ, नांदेड

पीक, महिना आणि गाव लिहा. 'निसवलेली शाळू, मार्गशीर्ष, औसा तालुका.' बघणाऱ्याला तिथंच कळतं की रान उभं आहे. आणि रंगीत फाइल पुसू नका दादा, कधी तरी दोन्ही शेजारी शेजारी लावा, मी बघायला येतो.

मांजराकाठ, लातूर

हेच नाव देतो. रंगीतही लहान आकारात बाजूला लावायची परवानगी मागतो. प्रिंट मॅट कागदावर, ऑटो करेक्शन बंद. पुढच्या रविवारी गुऱ्हाळावर कोण कोण येणार ते इथेच सांगा.